रोमानियाच्या खेड्यांतील जुनी ध्वनिमुद्रणे कशी ऐकावीत

आवाज कोरून ठेवण्याच्या जुन्या मेणाच्या नळकांड्यावरून उतरवलेले एखादे रोमानियन गाणे पहिल्यांदा लावले की आधी ऐकू येते ती खरखर. तिच्यामागे कुठेतरी एक बाई गात असते, आवाज पलीकडच्या खोलीतून आल्यासारखा वाटतो, ताल सापडत नाही, आणि दोन-तीन मिनिटांत गाणे मध्येच तुटते. पुष्कळ जण इथेच ऐकणे सोडतात आणि आवाजाच्या दर्जाला दोष देतात. माझ्या मते अडचण वेगळी आहे. ही मुद्रणे रसिकांच्या करमणुकीसाठी केलेलीच नव्हती. कोण, कुठे, कोणत्या प्रसंगी काय गाते याची नोंद म्हणून ती केली गेली, आणि त्या नोंदीचा एक भाग आवाजात असला तरी दुसरा कागदावर आहे. दोन्ही भाग एकत्र ठेवून कसे ऐकावे, हे पुढे सांगितले आहे. त्यासाठी रोमानियन भाषा यावी लागत नाही, पाश्चात्त्य स्वरलेखनही यावे लागत नाही. एक वही, बऱ्यापैकी हेडफोन आणि एकच तुकडा पाच-सहा वेळा ऐकण्याची तयारी मात्र हवी.

मुद्रण कोणत्या काळातले, हे आधी ठरवावे

हाती आलेल्या फाइलवर किंवा तबकडीवर नुसते ‘रोमानियन लोकसंगीत’ असे लिहिलेले असेल, तर त्यावरून काहीच कळत नाही. पहिला प्रश्न काळाचा आहे, कारण काळ बदलला की यंत्र बदलते, आणि यंत्र हाताळणाऱ्याचा हेतूही बदलतो.

सर्वांत जुना मोठा साठा हंगेरियन संगीतकार बेला बार्टोक यांचा. 1909 साली ते बिहोर भागात हिंडले, 1913 मध्ये मारामुरेशमध्ये आणि त्याच सुमारास हुनेदोआरात गेले. हे प्रदेश तेव्हा हंगेरीच्या राज्यात होते. त्यांनी तीन हजारांहून अधिक रोमानियन चाली गोळा केल्या. त्यांतल्या बऱ्याच मेणाच्या नळकांड्यांवर मुद्रित केल्या, तर काही नुसत्या कानाने ऐकून कागदावर उतरवल्या. त्यामुळे बार्टोक यांच्या छापील संग्रहातील प्रत्येक चालीचा आवाज कुठेतरी असेलच, असे धरून चालू नये. बिहोरचा संग्रह 1913 मध्ये रोमानियन अकादमीने छापला. सगळा संग्रह मात्र त्यांच्या मृत्यूनंतर, 1967 ते 1975 या काळात, पाच खंडांत प्रसिद्ध झाला.

दुसरा साठा रोमानियन लोकसंगीत-संशोधक कॉन्स्तांतिन ब्रॅइलोयू यांचा आहे, आणि नवख्या श्रोत्याने सुरुवात तिथूनच करावी, असे मी आग्रहाने सांगेन. ब्रॅइलोयू यांनी 1928 साली बुखारेस्टमध्ये रोमानियन संगीतकार मंडळाचा लोकसंगीत-संग्रह उभा केला. समाजशास्त्रज्ञ दिमित्रिये गुस्ती आपल्या चमूसह उन्हाळ्यात एकेका गावात मुक्काम ठोकून त्याचा सर्व अंगांनी अभ्यास करीत, आणि ब्रॅइलोयू त्या मोहिमांत असत. 1928 साली बुकोविनातील फुंदु मोल्दोवेई, 1929 साली ट्रान्सिल्व्हानियातील द्रगुश आणि 1930 साली ओल्टेनियाच्या गोर्ज जिल्ह्यातील रुंक अशी ही गावे होती. 1943 मध्ये ते स्वित्झर्लंडला गेले आणि 1944 मध्ये जिनिव्हाच्या मानववंशशास्त्र संग्रहालयात त्यांनी लोकसंगीताचा आंतरराष्ट्रीय संग्रह स्थापन केला. त्यांनी 1933 ते 1943 या काळात केलेली मुद्रणे पुढे व्हीडीई-गालो या स्विस कंपनीने तीन सीडींच्या रूपाने काढली. एक रुंकच्या परिसराची, एक फुंदु मोल्दोवेईची आणि एक द्रगुशची. तीन गावे, तीन प्रदेश, एकच संग्राहक: तुलना शिकायला याहून सोयीचे साहित्य मला माहीत नाही.

1949 मध्ये बुखारेस्टमध्ये सरकारी लोकविद्या संस्था स्थापन झाली. ब्रॅइलोयू यांचा संग्रह आणि जॉर्जे ब्रेआझुल यांनी 1927 मध्ये सुरू केलेला ध्वनिसंग्रह, दोन्ही तिथे एकत्र आले. आज ती संस्था रोमानियन अकादमीच्या छत्राखाली आहे आणि तिला ब्रॅइलोयू यांचेच नाव आहे. तिचे पहिले प्रमुख आणि ब्रॅइलोयू यांचे सहकारी हॅरी ब्राउनर यांना 1950 मध्ये अटक झाली आणि पुढची अनेक वर्षे तुरुंगात काढावी लागली. जुन्या कागदपत्रांत काही नावे एकाएकी दिसेनाशी होतात, त्यामागे अशीही कारणे असतात.

याच काळापासून आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. सरकारी कंपनी इलेक्ट्रेकॉर्डच्या तबकड्यांवर ‘लोकसंगीत’ या नावाखाली पुष्कळदा मोठ्या वाद्यवृंदाने रंगमंचासाठी बसवलेले संगीत असते. ओळखण्याची खूण सोपी आहे. दहा-बारा व्हायोलिने एकाच वेळी एकाच लयीत सुरू होऊन एकाच क्षणी थांबत असतील, गायिकेमागे साचेबंद स्वरमेळ असेल आणि शेवटी टाळ्या घ्यायला जागा सोडलेली असेल, तर ते खेड्यातले मुद्रण नव्हे. ते वाईट असते असे नाही, पण त्यातून गावाविषयी निष्कर्ष काढू नयेत. त्याच कंपनीने तिबेरियु आलेक्सांद्रु यांच्यासारख्या अभ्यासकांनी निवडलेली अस्सल मुद्रणेही काढली आहेत, म्हणून कंपनीच्या नावावरूनही निकाल देता येत नाही. 1990 नंतरच्या मुद्रणांसाठी स्पेरान्त्सा रदुलेस्कु यांच्या संपादनाखाली निघालेली ‘एथ्नोफोनिये’ ही मालिका शोधावी.

पाकिटावरची अक्षरे वाचायला शिकावे

ही पायरी रुक्ष वाटते, पण मला तिने सर्वांत जास्त दिले आहे. रोमानियन लेखनात एकाच उच्चारासाठी दोन अक्षरे आहेत: टोपी घातलेला ‘आय’ आणि टोपी घातलेला ‘ए’. 1953 च्या लेखनसुधारणेने दुसरे अक्षर काढून टाकले; 1964 मध्ये ते फक्त ‘रोमानियन’ या शब्दात आणि त्याच्या रूपांत परत आणले; 1993 मध्ये अकादमीने ते पुन्हा सर्वत्र रूढ केले. त्यामुळे तबकडीवर ‘रोमानियन’ हा शब्दच टोपीवाल्या ‘आय’ने छापलेला असेल, तर ती बहुधा 1953 ते 1964 या काळातली असते. साल न छापलेल्या तबकडीचे वय ठरवायला एवढे एक अक्षर पुरते. ‘गाणे’ या अर्थाचा शब्द शोधयंत्रात घालतानाही त्याची दोन्ही रूपे घालावीत, नाहीतर निम्मी पाने सापडत नाहीत. तीच गत ‘श’ आणि ‘त्स’ या उच्चारांच्या अक्षरांची. ‘एस’ आणि ‘टी’ यांच्याखाली कुणी स्वल्पविराम देतो, कुणी शेपटी, आणि संगणकाला ती वेगवेगळी अक्षरे वाटतात. चिन्हे गाळून साध्या अक्षरांनीही एकदा शोध घ्यावा.

गावांच्या नावांचा घोळ याहून मोठा आहे. ट्रान्सिल्व्हानियातील गावाला रोमानियन, हंगेरियन आणि पुष्कळदा जर्मन अशी तीन नावे असतात: क्लुज, कोलोझ्वार आणि क्लाउझेनबुर्ग हे एकच शहर. बार्टोक यांच्या नोंदींत त्या वेळचे हंगेरियन नाव आणि त्या वेळचा परगणा येतो. त्यानंतर 1920 च्या तहाने सीमा बदलल्या, 1950 मध्ये जुने जिल्हे जाऊन सोव्हिएत धर्तीचे प्रांत आले आणि 1968 मध्ये जिल्हे परत आले, पण जुन्या हद्दींसह नव्हे. द्रगुश पूर्वी फगराश जिल्ह्यात असे, आता ब्राशोव्हमध्ये आहे. म्हणून वहीत गावाची नोंद करताना मुद्रणावरचे नाव, आजचे नाव आणि आजचा जिल्हा अशा तिन्ही गोष्टी लिहाव्यात आणि गाव नकाशावर प्रत्यक्ष शोधून पाहावे. डोंगराच्या कोणत्या उतारावर ते आहे आणि शेजारची खोरी कोणती, हे कळले की एका गावची चाल दुसऱ्या गावात कशी पोचली असेल, याचा अंदाज बांधता येतो.

गाण्याची पत्रिका

ब्रॅइलोयू यांनी 1931 मध्ये आपली पद्धत लिहून प्रसिद्ध केली. तिचा गाभा असा की नुसते गाणे टिपून भागत नाही, गाणाराही टिपावा लागतो. त्याचे वय, धंदा, लिहिता-वाचता येते की नाही, गावाबाहेर कधी राहिला होता का, हे गाणे तो कोणाकडून आणि केव्हा शिकला, हे सगळे मुद्रणासोबतच्या पत्रकात भरले जाई. गाव सोडून सैन्यात गेलेल्या तरुणाने आणलेले गाणे आणि कधी वेशीबाहेर न पडलेल्या आजीचे गाणे कानाला सारखे वाटले, तरी त्यांचे मोल वेगळे, असा त्यामागचा विचार होता.

आपणही प्रत्येक तुकड्यासाठी असे एक पान करावे. सीडीच्या पुस्तिकेत किंवा संग्रहाच्या सूचीत जे मिळेल ते लिहावे आणि जे मिळत नाही ती जागा कोरी ठेवावी. अंदाजाने भरू नये. त्याच पानावर गाण्याचा प्रसंग लिहावा: लग्न, नाताळ, मृत्यू, कापणी, नाच, की एकटेपणा. या गाण्यांचे खरे वर्गीकरण प्रसंगावरून होते, आणि प्रसंग कळल्याखेरीज चालीचा अर्थ लागत नाही.

मुद्रण करणाऱ्याच्या घाईचीही नोंद पानावर असू द्यावी. मेणाच्या नळकांड्यावर दोन ते चार मिनिटेच मावत, म्हणून चार-पाच कडवी झाली की संग्राहक गाणाऱ्याला थांबवी आणि उरलेले शब्द हाताने लिहून घेई. मध्येच तुटलेले गाणे म्हणजे अपुरे गाणे असे समजू नये. शेवट बहुधा छापील संग्रहात सापडतो.

ऐकताना कशाकडे कान द्यावा

पहिल्या दोन वेळा काहीही न लिहिता ऐकावे, म्हणजे कान खरखरीला सरावतो. त्यानंतर एक साधा प्रश्न विचारावा: यात ठोका आहे का?

नसेल, आणि एकटाच आवाज लांब स्वर धरून, मध्येच शब्द घाईने उरकून पुन्हा थांबत असेल, तर ती बहुधा दोइना आहे. दोइना एकट्याने, मनाशी, कामात किंवा रानात गायची. तिला ठरावीक कडवे नसते. गाणारा काही ठरलेल्या स्वरवाक्यांची जुळणी जागच्या जागी करतो आणि ती लांबवतो किंवा आखडती घेतो. हुरहुर, विरह, सैन्यात गेलेला मुलगा, परकी जागा हे तिचे विषय. कान दोन शब्दांवर ठेवावा: ‘फ्रुन्झा व्हेर्दे’ किंवा ‘फोआये व्हेर्दे’, म्हणजे हिरवे पान. असंख्य रोमानियन गाणी या हिरव्या पानाच्या उल्लेखाने सुरू होतात, आपल्याकडे जात्यावर ‘पहिली माझी ओवी’ म्हणत सुरुवात होते तशी. मारामुरेशमध्ये याच प्रकाराला होरा लुंगा, म्हणजे लांब गाणे, म्हणतात. बार्टोक यांना ते तिथे सापडले तेव्हा त्याचे अरबी आणि इराणी गायनाशी असलेले साम्य त्यांना जाणवले. पुढे इतरांच्या मुद्रणांतून हाच प्रकार ओल्टेनियापासून बुकोविनापर्यंत पसरलेला दिसला. होरा लुंगामध्ये गळ्यात अडकून सुटणारा, हुंदक्यासारखा एक खटका येतो. तो मुद्रणातला दोष नाही.

ठोका असेल तर तो समान आहे का, हे टेबलावर बोट वाजवून पाहावे. पुष्कळ गाण्यांत, विशेषतः नाताळच्या कोलिंदा नावाच्या गाण्यांत, बोट चुकते. तिथे दोन शक्यता असतात. पहिलीला ब्रॅइलोयू यांनी ‘अक्साक’ हे नाव दिले. तुर्की संगीतशास्त्रातून घेतलेल्या या शब्दाचा अर्थ लंगडा. त्यात लहान आणि मोठी पावले 2:3 या प्रमाणात पडतात. रूपकाचे 3+2+2 अंगात मुरलेल्या मराठी श्रोत्याला ही कल्पना परकी वाटणार नाही. मात्र इथे गती इतकी असते की मात्रा मोजण्याऐवजी पाय कुठे लंगडतो ते ऐकावे. दुसरी शक्यता अशी की प्रत्येक अक्षराला एकच काल मिळतो, आणि तो एक तरी असतो किंवा त्याच्या दुप्पट. लघु-गुरू शिकलेल्यांना हे 1:2 लगेच ओळखीचे वाटेल, पण फरक लक्षात ठेवावा: आपल्या वृत्तांत अक्षराचे वजन शब्दातच असते, तर इथे ते चालीच्या साच्यातून येते, आणि म्हणून तेच अक्षर एका गाण्यात लहान, तर दुसऱ्यात मोठे होते.

कोलिंदांसाठी ‘लेरुई दोआम्ने’ हे पालुपद ऐकू येते का पाहावे. तरुणांचा गट नाताळच्या रात्री घरोघर जाऊन या गातो, पुष्कळदा दोन तुकड्या आळीपाळीने, आणि घर कोणाचे त्यावर गाणे ठरते: मुलीला वेगळे, शिकाऱ्याला वेगळे, मेंढपाळाला वेगळे. येशूच्या जन्माचा उल्लेखही नसलेल्या कोलिंदा पुष्कळ आहेत. तीन मेंढपाळ आणि बोलणारी मेंढी यांची ‘मियोरित्सा’ ही प्रसिद्ध कथा ट्रान्सिल्व्हानियात कोलिंदा म्हणून सापडते आणि कार्पेथियनच्या दक्षिणेला व पूर्वेला दीर्घ कथागीत म्हणून. एकच कथा दोन प्रसंगांत दोन चालींनी कशी चालते, हे पाहायला तिची निदान दोन मुद्रणे शेजारी शेजारी ठेवावीत.

वाद्ये ओळखली की प्रदेश आपोआप कळू लागतो. व्हायोलिनमागे तीन तारांचे, सपाट घोडीचे कोंत्रा असेल, ज्यावर तिन्ही तारा एकदम वाजतात, तर ट्रान्सिल्व्हानिया. व्हायोलिनसोबत झोंगोरा नावाची गिटार ठासून वाजत असेल आणि जोडीला ढोल असेल, तर मारामुरेश. व्हायोलिनचा आवाज पत्र्यातून आल्यासारखा असेल, तर तिला लाकडी पेटीऐवजी भोंगा बसवलेला आहे आणि आपण बिहोरच्या परिसरात आहोत. त्संबाल ऐकताना संतूर आठवेल, आणि ते बरोबरच आहे. दोन्ही काठ्यांनी वाजणारी एकाच जातीची तंतुवाद्ये. बुचुम ही लांब लाकडी शिंग मेंढपाळांची. आपुसेनी डोंगरात तिला तुलनिक म्हणतात आणि तिथे ती स्त्रियाही फुंकतात. मेंढपाळाच्या फ्लुयेर बासरीखाली कधी कधी घोगरा घुमारा ऐकू येतो. वादक फुंकता फुंकता गळ्यातून आधारस्वर काढत असतो. तो यंत्राचा आवाज समजून पुसू नये. लग्नात आणि नाचात वाजवणारे व्यावसायिक वादक, म्हणजे लउतारी, हे बहुतेक रोमा समाजाचे. त्यांच्या ताफ्याला तराफ म्हणतात. जुन्या पत्रकांत त्यांची नावे असतात, पण पुष्कळ व्यापारी तबकड्यांवर ती नसतात, म्हणून जिथे मिळतील तिथे आवर्जून टिपावीत.

सरावासाठी एक तुलना सुचवतो. बार्टोक यांनी 1915 मध्ये पियानोसाठी लिहिलेल्या सहा रोमानियन नाचांपैकी तिसरा इग्रिश गावातील बासरीवरच्या चालीवर बेतलेला आहे. आधी पियानोवरचा तुकडा ऐकावा, मग फ्लुयेरची कोणतीही तीन-चार जुनी मुद्रणे. पियानोला दोन स्वरांच्या मधली जागा घेता येत नाही आणि श्वासही नसतो. बासरीतून तिथे नेमके काय जाते, ते एकदा कानात बसले की पुढचे ऐकणे सोपे होते.

वेग, खरखर आणि प्रती

नळकांडे कोणत्या वेगाने फिरवले यावर स्वर ठरतो. वेगात 6 टक्क्यांचा फरक पडला की पट्टी अर्ध्या स्वराने सरकते, पांढरी एकची काळी एक होते, आणि लयही तेवढीच वाढते. बर्लिनच्या ध्वनिसंग्रहाने यासाठी मुद्रणाच्या सुरुवातीला सेकंदाला 435 कंपनांची शिटी फुंकण्याची रीत घालून दिली होती. अशी शिटी सापडली तर तिच्यावरून वेग दुरुस्त करावा. न सापडल्यास गाणाऱ्याच्या पट्टीविषयी काहीही ठाम लिहू नये; स्वरांमधील अंतरे मात्र वेग बदलला तरी तीच राहतात, त्यामुळे चालीचा अभ्यास बिनधास्त करता येतो.

ऑडॅसिटीसारख्या मोफत प्रणालीत फाइलची प्रत उघडावी. मूळ फाइलला हात लावू नये. पट्टी तीच ठेवून वेग निम्मा केला की गळ्यातले बारकावे मोकळे होतात. खरखर घालवणारे साधन शक्यतो वापरूच नये, आणि वापरायचेच असेल तर अगदी हलक्या मात्रेत. जुन्या मुद्रणात व्यंजनांचे घर्षण, बासरीतला श्वास आणि व्हायोलिनच्या गजाचा स्पर्श खरखरीच्याच पट्ट्यात असतात, आणि ती गेली की हेही जातात.

मृत्यूच्या गाण्यांबद्दल वेगळे सांगावे लागेल. गोर्जमध्ये दोन गोष्टी अलग ठेवाव्यात. बोचेत हा जवळच्या नातेवाईक बाईचा विलाप असतो, शब्द तिचे स्वतःचे आणि त्याच माणसाला उद्देशून. पहाटेची गाणी मात्र नात्याबाहेरच्या ठरावीक बायका मिळून गातात, आणि त्यांचे शब्द परंपरेने ठरलेले असतात. अविवाहित तरुण गेला तर त्याच्यासाठी डोंगरातून फरचे झाड तोडून आणतात आणि त्या झाडालाच विचारतात की तू डोंगर सोडून खाली का आलास. बोचेतची जुनी मुद्रणे बहुधा प्रत्यक्ष अंत्यविधीतली नसतात. संग्राहकाच्या विनंतीवरून बाईने आठवून गायलेली असतात, आणि गाता गाता तिला खरेच रडू कोसळल्याचे काही ठिकाणी ऐकू येते. अशा तुकड्यापुढे वहीच्या पानावर ‘प्रसंगाबाहेर गायलेले’ अशी नोंद करावी. तो इतरांना पाठवायचा किंवा व्हिडिओखाली वापरायचा असेल, तर आधी संग्रहाची परवानगी घ्यावी. जिनिव्हा किंवा बुखारेस्टला पत्र लिहिताना गावाचे नाव, मुद्रणाचे साल आणि सूचीतील क्रमांक या तीन गोष्टी दिल्या, तर नेमके मुद्रण शोधणे तिथल्या माणसांना सोपे जाते.